मदत हवी आहे: केळीच्या बागांखालची जमीन खचतेय का, कसं मोजू?

नमस्कार मंडळी. आमचं शिवार यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबांच्या विहिरी कधीच आटल्या, आता ट्यूबवेलही खोल खोल न्याव्या लागतात. गाळाच्या थरातलं पाणी उपसलं की थर दबतो आणि वरची जमीन बसते. आमच्याकडे तसं होतंय का, हे मला मनापासून बघायचंय.

सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडार प्रतिमा फुकट मिळतात. दोन तारखांना जमिनीवरून परतलेल्या रडार लहरींमधला फरक काढून जमिनीची हालचाल काढायला बसलो. गावठाण, रस्ते ठीक येतात. बागांवर मात्र नुसता गोंगाट! या रडारची लहर (तरंगलांबी) जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची, ती केळीच्या पानांवरूनच परतते, आणि पानं तर वाऱ्यानं सतत हलतात.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाची लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती पानांतून खाली जाते. त्याची माहिती कुणी वापरलीय का? कुठल्या सॉफ्टवेअरनं?

आणि नासाच्या आइससॅट-२ या लेझरनं उंची मोजणाऱ्या उपग्रहाचा हिरवा लेझर पानांच्या फटींतून जमीन गाठतो, पण काही सेंटिमीटरचं खचणं पकडायला तो पुरेल का? जाणकार भाऊ-ताईंनी सांगावं.