नुसता बर्नर विमानात का अडवायचा?

भटकभवानी: पुण्याहून लेहला निघाले होते. चेक-इनच्या बॅगेत ट्रेकला न्यायचा मुठीएवढा बर्नर, गॅसच्या कॅनवर फिरवून बसवायचा तो. कॅन नव्हताच, तो लेहच्या बाजारात मिळतो. तरी एक्स-रेनंतर बोलावणं आलं आणि बर्नर तिथेच राहिला. गॅसचा कॅन केबिनमध्ये आणि बॅगेतही बंद, त्याला माझी ना नाही. पण ज्यात इंधन साठतच नाही, ती वस्तू अडवून कसली सुरक्षा?

डोंगरकाका: ताई, 'आयाटा'च्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात रिकामा स्टोव्ह चेक-इनमध्ये चालतो, पण विमान कंपनीच्या परवानगीने. घेतली होती का?

भटकभवानी: नव्हती. पण काका, तो नियम द्रव इंधनाच्या स्टोव्हचा आहे. टाकी निदान एक तास निथळायची, मग निदान सहा तास झाकण उघडं ठेवायचं, शेवटी टिपकागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्याकडे टाकीच नाही. निथळू काय?

रॉकेलछाप: मी रॉकेलचा स्टोव्हवाला. सहा तासांनीही वास जात नाही हो! आत खाद्यतेल फिरवून ओतून टाकायची सोय नियमातच आहे, उरलंसुरलं इंधन सहज पेटू नये म्हणून. मी करतो. आमच्या ग्रुपातले बाकीचे आदल्या रात्री त्यावर मॅगी करून पहाटे विमानतळावर हजर. तपासणाऱ्याने स्क्रीनवर बघून कोण कसा ते ओळखायचं? माझं मत काकांच्या बाजूने.

डोंगरकाका: १९९६ मध्ये फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं विमान पडलं, ११० जण गेले. मालाच्या कप्प्यातल्या जुन्या ऑक्सिजन जनरेटरांनी, म्हणजे रसायनातून ऑक्सिजन तयार करणाऱ्या डब्यांनी, आग लागली. कागदावर काय लिहिलं होतं? 'रिकामे'. तेव्हा "रिकामं आहे हो" एवढ्यावर कोणी बॅग सोडणार नाही.

भटकभवानी: ते बंद डबे, आत रसायन भरलेलं. बर्नरमधून मी तिथेच फुंकर मारून दाखवत होते! बघायलाही कोणी तयार नव्हतं, माझा राग त्याचा आहे.

रॉकेलछाप: लेहला भाड्याने घ्यायचा ना.

भटकभवानी: घेतला. वॉशर गेलेला. वाऱ्यात चहाला पाऊण तास, आणि गॅसचा वास तंबूभर. हे जास्त सुरक्षित का?

डोंगरकाका: हे मात्र वाईट. पुढच्या वेळी कंपनीला आधी मेल टाका, उत्तर छापून न्या.

भटकभवानी: परत आल्याबरोबर टाकला. उत्तर आलं: 'विमानतळावरील कर्मचाऱ्यांचा निर्णय अंतिम राहील.' हे छापून नेऊ का, काका?