ब्रेक पॅड घरी बदलायचे आहेत: गाडी उचलून नेमकी कशावर ठेवू?

भाट्येकर
नमस्कार. गाडी वॅगन-आर, २०१५ ची, पेट्रोल. पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, ते घरीच बदलायचे आहेत. पॅड बदलायचं काम मोठ्या भावाच्या हाताखाली शिकलोय. प्रश्न गाडी उचलण्याचा आहे. घर रत्नागिरीजवळ, अंगणात मातीवर बसवलेली चिऱ्यांची फरसबंदी, गेटाकडे थोडा उतार. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक आहे. शेजारचे काका म्हणतात, खाली चार चिरे रच, गाडी जागची हलणार नाही. मी दोन टनी स्टँडची (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी आधारांची) जोडी मागवायच्या विचारात आहे. पण दाराखाली जॅकसाठी दिलेली खाच तर एकच असते. मग जॅक आणि स्टँड दोन्ही तिथे लावायचे कसे?

पानापक्कड
चिरे अजिबात रचू नका. भिंतीत जांभ्याच्या चिऱ्यावर भार सगळीकडून सारखा येतो. इथे तो येणार दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर, म्हणजे बोटापेक्षाही अरुंद रेषेवर. चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक हे असा भार आल्यावर दबत नाहीत, एकदम फुटतात.

माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलं. तिथे पहिला धडा जॅकचा नव्हता, जमिनीवर टेकलेल्या चाकांचा होता. गाडी जॅकवरून बऱ्याचदा सरळ खाली येत नाही. आधी ती चार बोटं पुढे किंवा मागे सरकते, जॅक कलंडतो, मग पडते. तुमच्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि हँडब्रेक मागची चाकं धरतो. त्यामुळे पुढचं एक चाक जरी हवेत गेलं तरी गिअरचा आधार संपला: डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक अडत नाही. उरला फक्त हँडब्रेक. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी ठोकळे ठोका. पुढेमागे मागच्या ड्रम ब्रेकचं काम काढलंत आणि मागची दोन्ही चाकं उचललीत, तर हँडब्रेकचा काहीच उपयोग नाही. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि ठोकळे पुढच्या चाकांना लावा.

आता तुमचा मुद्दा. प्रश्न अगदी बरोबर आहे, बहुतेकांना तो जॅक लावल्यावर पडतो. कुणाकडून तरी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक) मिळवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या बाजूला मधोमध उचलायची जागा दाखवलेली असते, तिथे तो लावा. चुकूनही ऑइलच्या चेंबरवर लावू नका, चेंबर चेपेल. दोन्ही बाजू एकदम वर आल्या की दारांखालच्या खाचा स्टँडसाठी मोकळ्या राहतात. स्टँडच्या डोक्यावर रबराचा खाचवाला तुकडा ठेवा, कड वाकणार नाही. गाडी नऊशे किलोच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढे. दोन टनी जोडी पुरते. मात्र लेबलवरचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, ते नीट वाचा.

व्हीलचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. गाडी वर असताना पान्ह्यावर जोर लावायचा नाही. स्टँडवर गाडी टेकली की हाताने जोरात हलवून बघा. डुलली तर आत्ताच कळेल, तुम्ही बाहेर असताना. काढलेलं चाक पत्र्याच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, आणि गाडीत कुणीही बसू देऊ नका, मुलांना तर नाहीच.

आणि उतारावर हे काम नको. मातीवरच्या फरसबंदीवरही नको, विशेषतः पावसाळ्यानंतर. एक चिरा खचला की स्टँड तिरका होतो.

कट्टा_जर्सी
वरचं सगळं पटलं. स्टँड मागवण्याआधी एवढं लक्षात घ्या. २०२० मध्ये इथे अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने तीन आणि सहा टनी मिळून सुमारे १७ लाख स्टँड परत मागवले. स्टँडच्या दांड्यावरच्या दात्यांमध्ये उंची धरून ठेवणारी खिट्टी नीट अडकत नव्हती, त्यामुळे गाडी अचानक खाली येण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. तेव्हापासून मी आरपार जाडी पिन घालायचे स्टँडच वापरतो. दातेवाला घेतलात तर भार येण्याआधी खिट्टी पूर्ण बसली का ते डोळ्यांनी बघा, आणि जॅक काढून न घेता जेमतेम टेकेल इतका खालीच राहू द्या.

भाट्येकर
दोघांचेही आभार. मित्राच्या शेतघरापुढे सिमेंटचा खळा आहे, सपाट आहे, काम तिथेच करतो. ट्रॉली जॅकही त्याच्याकडेच मिळतोय. खळ्याला मध्ये बारीक भेगा आहेत, चालेल ना?

पानापक्कड
भेगा बघून जागा निवडा. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून त्याची लोखंडी चाकं थोडी सरकायलाच हवीत. चाक भेगेत अडकलं तर जॅकचं डोकं गाडीखालून घसरतं. स्टँडखाली हवं तर जाड प्लायवूडचा तुकडा घाला, जॅकच्या चाकांखाली मात्र काही नको.

उतरवताना गाडी आधी थोडी उचलून स्टँड काढा, मग जॅकचा व्हॉल्व्ह अगदी हळू सोडा. नट समोरासमोरचे धरून आवळा, आणि शेवटचा जोर चाक टेकल्यावरच. निघण्यापूर्वी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा, नव्या पॅडनंतर पहिले काही दाब पोकळ जातात. ठोकळे त्यानंतर काढा.