आयोवात गाडीतून बेसबॉल ऐकायचंय: सॅटेलाइट रेडिओ घ्यावा की फोनवरचं ॲपच पुरे?

सांगलीची_हळद

नमस्कार मंडळी. मी डि मॉईनला राहते. काम मका-सोयाबीनच्या बियाण्यांचं, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर आठवड्यातले चार दिवस पिकअपमध्येच जातात. जास्त फिरणं पश्चिमेला, मिझुरी नदीकाठच्या लोएस (वाऱ्यानं साचलेल्या मातीच्या) टेकड्यांत. तिथं घळीत उतरलं की फोनची रेंज जाते आणि वर आल्यावर परत येते.

मी कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाची, रॉयल्सवाली आहे. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये या देशात आले तेव्हा आमचा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, खेळत होता. सातव्या सामन्यात बरोबरीची धाव घेणारा खेळाडू तिसऱ्या बेसवर उभा असताना आम्ही हरलो. नियम धड कळत नव्हते, तरी मी रडले. पुढच्या वर्षी जिंकलो. तेव्हापासून सुटका नाही.

घरी टीव्हीवर बघावं तर आयोवाची अडचण तुम्हाला माहीत असेल. एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) टीव्हीच्या हिशेबात हे राज्य सहा संघांचं घर आहे: कब्स, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रुअर्स. सहाही संघांचे सामने इथं ब्लॅकआउट. इथून मैदान गाठायला कितीतरी तास लागतात, तरी घरचाच संघ म्हणून दाखवत नाहीत!

पण खरं सांगायचं तर मला रेडिओच हवा आहे. आमचे बाबा विहिरीजवळच्या बाभळीला ट्रान्झिस्टर अडकवून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत हळदीला पाणी पाजायचे. डेनी मॅथ्यूज 1969 पासून, म्हणजे रॉयल्स संघ जन्मला तेव्हापासून त्याचे सामने सांगत आलेत. त्यांचा आवाज लागला की मला बाबांची विहीर आठवते. घाई नाही, आरडाओरडा नाही.

गाडी 2012 ची शेवी सिल्वराडो, सेकंडहँड. सिरियस एक्सएम, म्हणजे सॅटेलाइट रेडिओ, आतच बसवलेलं आहे, पण वर्गणी बंद आहे. ते चालू करू, की एमएलबीचं नुसतं ऑडिओ घेऊ? ते बरंच स्वस्त आहे. की जुनं एएमच बरं?

आय_ऐंशी_कोल्हापूर

ताई, मी ट्रक चालवतो. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून निघून तुमच्या आयोवातून आय-80 महामार्गाने पार होतो. वॉलकॉटच्या ट्रक स्टॉपवर कितीतरी वेळा जेवलोय. लई वर्षं सॅटेलाइट रेडिओ ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एएमचं. दिवसा एएम जमिनीच्या कडेकडेनं जातं, दोन-चार कौंट्या ओलांडल्या की खरखर. अंधार पडला की आकाशातून परतून शेकडो मैल पोचतं. सेंट लुईसचं केएमओएक्स 1120 आणि सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू 700, दोन्ही 50 किलोवॅटची स्टेशनं. रात्री ट्रकमध्ये ती ऐकण्यासारखं सुख नाही. पण एकावर कार्डिनल्स, दुसऱ्यावर रेड्स. तुमचा संघ नाही. आणि जुलैत वीज कडकडायला लागली की कान धरायची पाळी.

आता ॲप. एमएलबीच्या ऑडिओत प्रत्येक सामन्याला दोन्ही संघांचं समालोचन मिळतं, आणि रेडिओला ब्लॅकआउट नाही. तुमच्या सहा संघांची कटकट तिथंच संपली. डि मॉईनमध्ये स्वयंपाक करता करता ऐकायचं असेल तर दुसरं काही घेऊ नका. पण घळीत रेंज जाते म्हणता, तिथं ॲप थांबणार. ते थांबतं तेही नेमकं बेस भरलेले असताना. परत सुरू झालं की तो खेळाडू बाद झाला की धाव झाली ते कळत नाही, आणि तो राग दिवसभर उतरत नाही.

म्हणून चार दिवस रानात असाल तर सॅटेलाइट. फक्त दोन गोष्टी आधी बघा.

तुमच्या रेडिओवर चॅनल 0 लावा, रेडिओचा क्रमांक दिसेल. आठ अक्षरी असेल तर एक्सएमचा संच, बारा आकडी असेल तर सिरियसचा. 2008 च्या जुलैत दोन्ही कंपन्या एक झाल्या, पण जुने संच आपापल्याच उपग्रहांचं ऐकतात आणि दोन्हीकडची चॅनलं हुबेहूब सारखी नसतात. विलीनीकरणाआधी बेसबॉल एक्सएमकडे होतं, 2005 पासून, 11 वर्षांसाठी 65 कोटी डॉलर मोजून. अमेरिकन फुटबॉल सिरियसकडे. शेवी म्हणजे जनरल मोटर्स, तिथं एक्सएमच असायचं. तुम्ही सुदैवी आहात.

दुसरं म्हणजे वर्गणीचा प्रकार. सगळ्यात स्वस्त योजनेत गाणी आणि गप्पा असतात, सामने वरच्या योजनेत. फोनवर सरळ विचारा: "या क्रमांकाच्या संचावर, या योजनेत, एमएलबीचे सामने लाइव्ह ऐकू येतील का?" नुसतं "स्पोर्ट्स आहे का" विचारू नका. स्पोर्ट्सच्या गप्पांची चॅनलं वेगळी आणि सामना वेगळा. सांगितलेल्या भावावर संगीताच्या रॉयल्टीची फी आणि कर चढतात, तेव्हा सगळं धरून शेवटचा आकडा विचारा. सवलत कधी संपते ती तारीख कॅलेंडरात टाका.

एक गोष्ट तुम्हाला खटकेल. उपग्रहावरून मला बहुधा यजमान संघाचंच समालोचन मिळालंय. रॉयल्स बाहेरगावी असले की समोरच्यांचा माणूस बोलणार, तुमचे मॅथ्यूज नाहीत. मी टोरांटोच्या लीफ्स या हॉकी संघाचा भक्त, मॉन्ट्रियलच्या माणसाच्या तोंडून आमच्यावरचा गोल ऐकणं काय असतं ते मला विचारा.

अँटेना_नाशिक

सॅटेलाइट रेडिओ म्हटलं की मला वर्ल्डस्पेस आठवतं. 2000 साली आशियास्टार उपग्रह गेला, आणि नाशिकला आमच्या खिडकीत तो छोटा अँटेना आग्नेयेकडे तोंड करून ठेवलेला असायचा. मराठीचं 'सुरभी', शास्त्रीय संगीताचं 'गंधर्व'. कोणी पडदा ओढताना धक्का लावला की मारवा मध्येच बंद. 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा थांबली. अँटेना अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही.

तुमच्याकडे अँटेना वळवावा लागत नाही, पण भूमिती तीच. एक्सएमचे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एका जागी उभे असतात. पश्चिम आयोवातून ते दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर दिसतील. म्हणजे दक्षिणेचं आकाश मोकळं हवं. शहरात उंच इमारतींमुळे अडतं म्हणून कंपनीनं जमिनीवर तोच सिग्नल पुन्हा सोडणारे रिपीटर लावलेत. रानात ते नाहीत, तिथं तुम्ही आणि आकाश.

लोएस टेकड्या मी नकाशात पाहिल्या. रांग उत्तर-दक्षिण जाते, नदीला समांतर. रांगेला धरून जाणाऱ्या घळीत दक्षिण उघडी राहील. पूर्व-पश्चिम घळीत मात्र दक्षिणेच्या उताराला चिकटून गाडी लावू नका.

डलासचा_पोपट

यावर क्रिकेट लागतं का? 2024 ला सौरभ नेत्रवळकरनं पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली तेव्हा मी ग्रँड प्रेरीच्या मैदानात होतो, पण मित्र गाडीत अडकला होता. त्याला फोनवरून मीच एकेक चेंडू सांगत होतो.

आय_ऐंशी_कोल्हापूर

क्रिकेटसाठी हे पैसे घालू नका भाऊ. इथं क्रिकेट म्हणजे विलो, ते क्रिकेटचं टीव्ही चॅनल. आपल्या मुंबईच्या पोरासाठी तुम्ही समालोचन केलंत, नाद खुळा!

सांगलीची_हळद

सगळ्यांचे मनापासून आभार. चॅनल 0 वर आठ अक्षरी क्रमांक निघाला. फोन केला, योजना नीट विचारून घेतली आणि चालू केलं.

आज दिवसभर घळींतून फिरले. नाशिककर, तुमचं बरोबर निघालं. उत्तर-दक्षिण रस्त्यावर एकदाही तुटलं नाही, फोनला मात्र तासभर रेंज नव्हती. गेलं ते एकाच ठिकाणी: धान्याच्या एलिव्हेटरजवळ गाडी लावली होती, त्या उंच काँक्रीटच्या कोठाराच्या अगदी उत्तरेला. सातवी इनिंग, दोन बाद, आणि एकदम शांत! वजनकाट्यावरच्या माणसाला म्हटलं गाडी हलवते. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. तोही रॉयल्सवाला निघाला. कोठाराच्या दक्षिणेला त्याच्या स्वतःच्या गाडीची जागा होती, ती काढून मला दिली.

घरी स्वयंपाकघरासाठी एमएलबीचं ऑडिओही घेतलंय, बाहेरगावच्या सामन्यांना आपल्या माणसाचा आवाज मिळावा म्हणून. दोन्हीचा खर्च होतोय खरा, पण हंगामात 162 सामने आहेत. पुढच्या जूनमध्ये बाबा येणार आहेत. त्यांना पिकअपमध्ये बसवून ऐकवणार आहे, आणि तोवर मला इनफिल्ड फ्लायचा नियम मराठीत समजावून सांगता यायला हवा. कोणी नीट लिहून देईल का?