'हॅनिबल'चा शेवट : वाचकांशी दगा, की आधीपासून ठरलेले वळण?

(शेवट उघड केलेला आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी पुढे वाचू नये.)

प्रश्न : वाघूरकाठ, जळगाव

नमस्कार. आमच्या वाचनगटाने या हिवाळ्यात थॉमस हॅरिस यांची 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९८८) आणि तिच्या पुढचा भाग असलेली 'हॅनिबल' (१९९९) या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. पहिलीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. दुसरीच्या शेवटावरून मात्र गटात सरळ दोन तट पडले आहेत. पहिल्या भागात एका खुन्याचा माग काढण्यासाठी नरभक्षक मनोविकारतज्ज्ञ डॉ. हॅनिबल लेक्टरशी बोलण्याची जोखीम पत्करणारी एफबीआयची क्लॅरिस स्टार्लिंग दुसऱ्या भागाच्या अखेरीस लेक्टरच्याच टेबलावर बसून तिला छळणाऱ्या पॉल क्रेंडलर या अधिकाऱ्याचा मेंदू खाते आणि पुढे ब्यूनोस आयर्समध्ये त्याची सहचारिणी म्हणून राहते, हे निम्म्या सदस्यांना पचलेले नाही. (हा शब्द विनोदाने वापरलेला नाही.)

त्यात ही चर्चा झाली ती एका सदस्याच्या शेतात, भरिताच्या पार्टीत. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, बडगीत मिरची-लसणासह भरीत ठेचले जात होते, आणि नेमके त्याच वेळी एका उत्साही सदस्याने क्रेंडलरच्या जेवणाचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले. दोघांनी कळण्याची पुरी तशीच ताटात ठेवून दिली, आणि त्या किळसेपायी मूळ मुद्दा मागे पडला.

माझा प्रश्न असा की, किळस बाजूला ठेवली तर स्टार्लिंगचे हे वळण कादंबरीने आधीपासून घडवत आणलेले आहे, की लेखकाने ते शेवटच्या प्रकरणांत वरून लादलेले आहे? कृपया मजकुरातील आधार देऊन लिहावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, धुळे

हे वळण लादलेले नाही, असे माझे मत आहे. कादंबरी उघडते तीच एका फसलेल्या छाप्याने. मासळी बाजारात इव्हेल्डा ड्रम्गो ही गुन्हेगार बाई अंगाशी तान्हे मूल असताना गोळीबार करते, स्टार्लिंगला तिला ठार करावे लागते आणि ते मूल ती वाचवते. एवढे होऊनही वृत्तपत्रांत बोभाटा होताच तिचीच संस्था तिला तोंडघशी पाडते. न्याय खात्यातला क्रेंडलर तिच्या बढतीच्या आड येतो आणि पुढे लेक्टरवर सूड उगवू पाहणाऱ्या धनाढ्य मेसन व्हर्जरच्या पैशाला विकला जाऊन तिच्या निलंबनाचीही तजवीज करतो. ज्या व्यवस्थेवर तिची निष्ठा होती ती पानागणिक तिच्या हातून निसटत जाते, आणि शेवटी तिच्यापाशी परत जाण्यासारखे काही उरतच नाही.

याहून महत्त्वाचा आधार त्या जेवणानंतरच्या संवादात आहे, जो किळसेमुळे बहुतेक वाचक भरभर उलटतात. लेक्टरची धाकटी बहीण मिशा युद्धकाळात मारली गेली. फुटलेला कप पुन्हा सांधला जावा, काळ उलटा फिरावा आणि स्टार्लिंगच्या जागी मिशाला या जगात स्थान मिळावे, हा त्याचा खरा ध्यास आहे. त्यावर स्टार्लिंग त्याला विचारते की, माझ्यात माझ्या वडिलांसाठी जागा असू शकते, तर मिशासाठी तुमच्यातच जागा का असू नये? ज्या कळसूत्री बाहुलीची आपण कीव करतो, तिने इथे सूत्रधारालाच निरुत्तर केले आहे.

उत्तर : वकील, शहादा

सर, संस्थेने तिला दगा दिला हे मान्य; परंतु संस्थेचा वीट येणे वेगळे आणि नरभक्षकाशी संसार थाटणे वेगळे. या दोन टोकांमधले अंतर लेखकाने कशाने भरून काढले? गुंगीच्या औषधांनी आणि संमोहनाने. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आमच्या व्यवसायात संमतीचा प्रश्न रोज येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ मध्ये करार करतेवेळी मन शाबूत असणे म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि तापाच्या भ्रमात असलेला किंवा नशेमुळे व्यवहार न समजणारा मनुष्य त्या अवस्थेत करार करू शकत नाही, असे उदाहरणही तिथेच दिलेले आहे. जिला दोन एकर शेताचा सौदाही करता आला नसता, तिने त्याच अवस्थेत आपले अवघे आयुष्य देऊन टाकले, हे मी स्वातंत्र्य म्हणून कसे स्वीकारू? सरांनी सांगितलेला संवाद मलाही अतिशय आवडतो. पण बोलणारी स्टार्लिंग किती आणि औषध किती, हे वाचकाला ठरवता येणार नाही अशी व्यवस्था खुद्द लेखकाने करून ठेवली आहे. ती लेक्टरकडे गेली याबद्दल माझे भांडण नाही. शुद्धीत असताना गेली असती, तर मी सरांच्या बाजूने उभी राहिले असते.

उत्तर : तापीकिनारा, भुसावळ

मी कादंबरी नंतर वाचली, २००१ चा रिडले स्कॉट यांचा चित्रपट आधी पाहिला, आणि मला चित्रपटाचाच शेवट पटतो. तिथे स्टार्लिंग लेक्टरच्या हाताला बेडी अडकवते आणि सुटकेसाठी तो सुरा उचलून तिचा हात न तोडता स्वतःचा तोडतो. त्याची ओढही दिसते आणि तीही आपल्या जागी ठाम राहते. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या आधीच्या चित्रपटाचे दिग्दर्शक जोनाथन डेमी आणि त्यात स्टार्लिंग साकारणाऱ्या ऑस्करविजेत्या अभिनेत्री जोडी फॉस्टर या दोघांनीही दुसऱ्या भागात काम केले नाही, एवढी गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलो. झुंजार आणि काळापहाड प्रत्येक पुस्तकात नवे संकट झेलत, पण स्वतः तेच राहत. वाचक पुढचे पुस्तक त्याच भरवशावर घेत असे. अकरा वर्षे वाट पाहायला लावून तो भरवसा मोडण्याचा अधिकार लेखकाला कसा पोहोचतो?

उत्तर : निवृत्त शिक्षक, धुळे

भुसावळकर, चित्रपटाचा शेवट सुबक आहे, परंतु तो कोणालाही अडचणीत टाकत नाही. स्टार्लिंग जिथून निघाली तिथेच राहते आणि आधीचे सारे अपमान केवळ मधले अडथळे ठरतात. अर्नाळकरांचा नायक बदलत नाही हे खरे, पण रहस्यकथांच्या त्या मालिकेची अटच तशी होती. हॅरिस यांनी ती अट कधी स्वीकारलीच नव्हती. त्यांच्याच 'रेड ड्रॅगन' (१९८१) मधला, लेक्टरला पकडणारा तपासनीस विल ग्रॅहम शेवटी कोणत्या अवस्थेत उरतो ते आठवून पाहावे.

वकीलताई, तुमचा आक्षेप मला अधिक जड वाटतो. त्यावर एवढेच सांगतो की, ब्यूनोस आयर्सच्या प्रकरणात ती औषधे त्यांच्या आयुष्यातून केव्हाच गेली असल्याचे लेखकाने स्पष्ट लिहिले आहे. कधीतरी एखाद्या आवाजाने तिला जाग येईल, असे म्हणून लगेच, मुळात ती झोपेत असलीच तर, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे.

उत्तर : वाघूरकाठ, जळगाव

सर, ही पुस्ती आमच्या गटात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पुढच्या बैठकीत जेवणाचे प्रकरण वगळून शेवटची दोनच प्रकरणे वाचायची, असे मी सुचवणार आहे. ताई, औषधे थांबल्यानंतरही ती त्याच्यासोबत राहिली, तर तुमच्या दृष्टीने ती मागाहून दिलेली संमती ठरते का?

उत्तर : वकील, शहादा

ठरू शकते, पण त्यासाठी तिने शुद्धीत येऊन मागचे सारे समजून घेतले आणि मग होकार दिला, हे दिसायला हवे. औषधे थांबली एवढे लेखक सांगतो. ती थांबली त्या दिवशी स्टार्लिंगला काय वाटले, ते सांगत नाही. मधल्या काळाबद्दल आपल्या हाती लागते ती फक्त आर्डेलिया मॅप या मैत्रिणीला पाठवलेली अंगठी आणि आपण ठीक आहोत, शोध घेऊ नकोस, अशा आशयाची छोटीशी चिठ्ठी. अशी चिठ्ठी घेऊन घरची माणसे आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही तिच्यावर विसंबून प्रकरण बंद करत नाही.