पीक बुडतं ते हवामानामुळे की जमिनीमुळे?

फुलोरा:
मका, भात, गहू आणि सोयाबीनच्या उत्पादनात वर्षागणिक जो चढ-उतार होतो, त्यातला साधारण एक तृतीयांश हवामानाच्या लहरीपणातून येतो, असं 2015 सालच्या जागतिक अभ्यासात दिसलं. तरीही पीकविमा आणि सरकारी योजना बऱ्याचदा हंगामाच्या सरासरीवर चालतात, आणि खरी चूक तिथेच आहे. मक्याच्या तुऱ्यातून पराग झडतो तो जेमतेम आठवडाभर. तेव्हा पाण्याचा ताण बसला तर कणसाचे केस उशिरा बाहेर येतात, तोवर पराग संपलेला असतो आणि कणसात दाणे भरत नाहीत. पुढे कितीही पाऊस झाला तरी ते नुकसान भरून येत नाही, पण हंगामाच्या बेरजेत पाऊस पुरेसा दिसतो. अमेरिकेत 2012 च्या दुष्काळात मका एकरी 123 बुशेलवर (बुशेल म्हणजे तिथलं धान्याचं माप) आला, पुढच्याच वर्षी 158 वर गेला.

वाफसा:
सरसकट हवामानाला दोष देणं मला पटत नाही. फुलोऱ्यात मका दिवसाला सुमारे 7 मि.मी. पाणी ओढतो. हलक्या वाळूसर जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला मिळण्याजोगं पाणी असतं 70 मि.मी.च्या आसपास, चांगल्या पोयट्यात 160. ताण न बसता त्यातलं निम्मंच उचलता येतं. त्यात वाळूसर जमिनीत मुळं 60 सें.मी.वर अडली तर हाती 21 मि.मी., म्हणजे 3 दिवस. पोयट्यात पूर्ण मीटर खोल गेली तर 80, म्हणजे 11 दिवस. पावसाचा आठवड्याचा खंड दोघांवर सारखाच पडतो, पण पीक एकाचंच जातं. नांगराच्या तासाखालचा कठीण थर फोडा, आच्छादन टाका, कर्ब वाढवा. ढगांवर आपला ताबा नाही, यावर आहे.

फुलोरा:
तुमचा हिशोब कोरड्या ताणापुरता बरोबर आहे. उष्णतेचं काय? भाताचं फूल तासभरच उघडतं, आणि त्या वेळी पारा 35 अंशांच्या वर असेल तर खाचरात पाणी भरलेलं असूनही लोंबीत पोचट दाणे राहतात. म्हणून तर सकाळी लवकर फुलणाऱ्या वाणांवर काम चाललंय. आणि फ्रान्समध्ये 2016 साली गहू चौथ्या हिश्शाहून जास्त घटला तो पाणी कमी पडून नव्हे. हिवाळ्याच्या तोंडावर थंडी पडली नाही, वसंतात पाऊस थांबेना, आणि रोगांनी ओंब्या धरल्या. तिथल्या जमिनी तर जगातल्या उत्तम जमिनींत मोडतात.

आकडेमोड:
दोघांनाही एक सांगायचंय. तो एक तृतीयांश एकूण उत्पादनाचा नाही, वर्षागणिक चढ-उताराचा आहे, आणि तोही जगाच्या सरासरीचा. काही मोठ्या धान्यपट्ट्यांत तो 60 टक्क्यांच्या वर जातो. उरलेला वाटा जमिनीच्या खात्यात टाकता येणार नाही. जमीन वर्षावर्षाला बदलत नाही, त्यामुळे ती स्वतः चढ-उतार घडवत नाही. हवामानाचा धक्का किती लागेल हे ती ठरवते. उरलेल्या वाट्यात कीड, खतांच्या किमती, युद्धं आणि मोजणीतल्या चुका असं बरंच काही येतं.

वाफसा:
धक्का किती लागेल हे जमीन ठरवते, हेच तर मी म्हणतोय! उष्णतेचा मुद्दा मान्य, पण त्यावरही शेतातच उपाय आहे. एकाच वाणाचा पेरा एका दिवशी उरकू नका. फुलोऱ्यात 10-12 दिवसांचा फरक पडेल असे दोन वाण निवडा. एका उष्ण आठवड्यात सगळं शेत सापडत नाही.

फुलोरा:
शेताला ते पुरेल, देशाला नाही. 2010 मध्ये रशियात उष्णतेची लाट आठवड्यांमागून आठवडे टिकली आणि ऑगस्टमध्ये गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. अशा लाटेपुढे 12 दिवसांचा फरक कुठे पुरणार? आणि विमा पावसाच्या बेरजेवर असेल, तर फुलोऱ्यातल्या उष्णतेने पोचट झालेल्या पिकाला दमडीही मिळत नाही. भरपाईची अट फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवड्यांतल्या कमाल तापमानाला आणि पावसाच्या खंडाला जोडा, मग जमिनीबद्दल बोलू.