स्वतःच्या मॅचचा व्हिडिओ बघून रेफ्री सुधारतो की नुसता खचतो?

शिट्टी_खिशात

चार वर्षं हौशी लीगमध्ये फुटबॉलची रेफ्रीगिरी करतोय. बहुतेक सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मॅचेस, मधूनमधून मोठ्यांच्या. गेल्या महिन्यात एका टीमच्या कोचने ट्रायपॉड लावून अख्खी मॅच शूट केली होती. मी मागितली, त्यांनी लगेच फाइल दिली. मागितली नसती तर बरं झालं असतं असं आता वाटतंय.

१-१ असताना ७४व्या मिनिटाला मी पेनल्टी दिली. मैदानावर मला तसूभरही शंका नव्हती. डिफेंडरने पाय घातला, पोरगा आडवा झाला, शिट्टी. व्हिडिओत स्वच्छ दिसतंय की डिफेंडरचा पाय फक्त बॉलला लागलाय आणि पोरगा पुढे दोन पावलं जाऊन स्वतःच्याच पायात पाय अडकून पडलाय. मॅच २-१ संपली. त्या डिफेंडरने शिट्टीनंतर माझ्याकडे जसं बघितलं होतं, त्याचा अर्थ मला महिन्याभराने कळला.

ती क्लिप मी निदान तीस वेळा बघितली असेल. हळू करून, एकेक फ्रेम पुढे सरकवून. परिणाम काय, तर पुढच्या दोन मॅचेसमध्ये बॉक्समध्ये कुणी पडलं की शिट्टी तोंडाशी नेतानाच हात अडखळायला लागला. त्यातल्या एका मॅचमध्ये उघड पेनल्टी सोडली.

तुम्ही लोक स्वतःचे व्हिडिओ कसे बघता? पूर्ण मॅच की ठरावीक प्रसंग? हळू की नेहमीच्या वेगात? एकटे की कुणाला बसवून?

मधली_रेघ

मी बघत नाही. एकदा बघितला होता, आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. शिवाय कॅमेरा वर आणि बाजूला, आपण खाली आणि गर्दीत. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसणारच नव्हतं. मग त्याच्यापुढे आपण गुन्हेगारासारखं का उभं राहायचं?

झेंडेवाली

मधली_रेघ, तुमचं अर्धं पटलं. कॅमेऱ्याला जे दिसलं ते तुम्हाला का दिसलं नाही, हेच तर शोधायचं असतं. जेवणाचं नंतर बघू.

शिट्टी_खिशात, मी नऊ वर्षं सहायक रेफ्री (कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन असणारी) होते, आता नवीन रेफ्रींचं मूल्यमापन करते. तीस वेळा तीच क्लिप बघणं म्हणजे खपली काढत बसणं. निर्णय चुकला हे पहिल्याच वेळी कळलं होतं ना? उरलेल्या एकोणतीस वेळा काय नवीन सापडलं?

असं करा. शिट्टी वाजली त्या क्षणापासून दहा सेकंद मागे जा. बॉलकडे बघू नका, त्या दोन पोरांकडेही नको. स्वतःला शोधा. कुठे आहात, चालताय की पळताय, तोंड कुठे आहे. फ्रेममध्येच नसाल तर तेही लिहून ठेवा. चुकीच्या निर्णयाचं मूळ बहुतेक वेळा शिट्टीच्या पाच-सात सेकंद आधी सापडतं. रेफ्रीने खेळ आपल्या आणि सहायकाच्या मध्ये ठेवावा म्हणून तिरकं पळायला शिकवतात, ते यासाठीच. दोन खेळाडूंमधली फट बाजूने दिसली पाहिजे. वीस मीटरवरून फट दिसत असेल तर पाच मीटरवरून पाठ बघण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

माझंच सांगते. एका मोसमात माझे ऑफसाइडचे झेंडे (पास होताना हल्ला करणारा खेळाडू शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्याही पुढे असला की द्यायचे) सारखे चुकत होते. मला वाटायचं नजर कमी झाली. डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर तसाच. मग चार मॅचेसचे व्हिडिओ घेऊन बसले आणि फक्त चुकीचे झेंडे एका वहीत मांडले. सगळेच्या सगळे माझ्या बाजूच्या विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्याला! पलीकडच्याला एकही नाही. कारण उभं राहण्याच्या जागेत होतं. बचावफळी गोलकडे सरकायला लागली की मी अर्धा सेकंद उशिरा निघायचे, म्हणजे तेवढा वेळ मी शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेपासून मध्यरेषेच्या बाजूला दीडेक मीटर मागे. तिथून मैदानाच्या मध्यावरच्या डिफेंडरकडे बघितलं की नजर तिरकी जाते, आणि माझ्या जवळचा विंगर त्याच्या बरोबरीत असूनही मीटरभर पुढे गेलेला दिसतो. दोन चमचे आणि एक पेन टेबलावर ठेवून बघा, लगेच कळेल. सहायकाच्या उभं राहण्याच्या जागेमुळे ऑफसाइड कसे चुकतात, यावर २००० साली 'नेचर'मध्ये संशोधनही आलंय. मला ते नंतर कुणीतरी दाखवलं. आधी दाखवलं असतं तर डोळे तपासायची फी वाचली असती.

आता वेगाबद्दल. हळू वेग जपून वापरा. बॉल रेषेबाहेर गेला का, पाय नेमका कशाला लागला, फाउल बॉक्सच्या आत की बाहेर, एवढ्यापुरता ठीक. टॅकल किती जोरात होता, हात मुद्दाम लावला का, हे नेहमीच्या वेगातच बघायचं. व्हीएआरच्या (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीच्या) नियमावलीतही हेच आहे: हळू वेग वस्तुस्थितीसाठी, तीव्रता ठरवायची तर नेहमीचा वेग. २०१६ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात तोच प्रसंग हळू वेगात बघणाऱ्यांना तो जास्त मुद्दाम केलेला वाटला. तुम्ही तीस वेळा फ्रेम फ्रेम करत बघितलंत, म्हणून तुम्हाला स्वतःचा गाढवपणाही तेवढाच मुद्दाम केलेला वाटतोय.

आणि एक. पुढच्या वेळी फाइल उघडण्याआधी कागद घ्या. आठवतील ते सहा-सात निर्णय लिहा, प्रत्येकापुढे किती खात्री होती तेही. मग बघा. शंका होती आणि चुकला, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. खात्री होती आणि चुकला, तिथे थांबा.

दोन_हाफ

झेंडेवालींना पूर्ण अनुमोदन. थोडं कॅमेऱ्याचं सांगतो, कारण त्यावरच गाडी अडते.

टीमचा माणूस शूट करतो तेव्हा कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो आणि रेफ्री निम्मा वेळ गायब. जमलं तर दुसरा फोन मध्यरेषेच्या जवळ, शक्य तेवढा उंच, जागचा न हलवता ठेवायला सांगा. चित्र बारीक येतं, पण आपण कुठे होतो ते कळतं. पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेवा. टचलाइनवरचा आरडाओरडा ऐकत बघितलं की आपण परत तोच निर्णय देतो, मी स्वतः अनुभवलंय.

आणि मुलांच्या मॅचेस आहेत म्हणून: क्लिप कुठल्या ग्रुपवर टाकू नका. कोचने विश्वासाने दिलीय, त्यात दुसऱ्यांची पोरं आहेत. कुणाला दाखवायचीच असेल तर शेजारी बसवून दाखवा.

मधली_रेघ

चमचे आणि पेन ठेवून बघितलं. बायको विचारतेय काय चाललंय. बरोबर आहे हो.

शिट्टी_खिशात

काल रात्री बसलो. सांगितलं तसंच केलं, आधी कागद. सात निर्णय आठवले. पेनल्टीपुढे 'पूर्ण खात्री' लिहिताना जीवावर आलं, पण त्या दिवशी होती हे खरं.

दहा सेकंद मागे गेलो, तर मी फ्रेममध्येच नाही! आणखी मागे गेल्यावर सापडलो. गोलकीपरने लांब किक मारली तेव्हा माझं तोंड बेंचकडे. त्यांचा कोच काहीतरी बोलला होता, त्याला हाताने 'बस' म्हणून खुणावत मी चार पावलं उलट दिशेला चाललोय. वळेपर्यंत बॉल बॉक्सजवळ. मग जिवाच्या आकांताने सरळ रेषेत पळालोय आणि पोचलो तो नेमका डिफेंडरच्या पाठीमागे. तिथून मला त्याचा पाय पुढे जाताना आणि पोरगा पडताना दिसला असणार. मधला धक्का मी मनानेच भरलाय. 'बघितला' अशी मला शपथेवर खात्री होती, आणि तिथून तो दिसणं शक्यच नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. ३३व्या मिनिटाला मधल्या पट्ट्यात मी फाउल दिलाय. बरोबर आहे फाउल. पण शिट्टी वाजते त्याच क्षणी बॉल त्याच टीमच्या पोराकडे सरकलेला आहे आणि त्याच्यापुढे फक्त गोलकीपर. दोन सेकंद थांबून ॲडव्हान्टेज दिला असता, म्हणजे शिट्टी न मारता खेळ चालू ठेवला असता, तर बहुधा गोल होता. कुणी ओरडलं नाही, कोचही गप्प, म्हणून माझ्या सात निर्णयांच्या यादीत तो नव्हताच. तीस वेळा पेनल्टी बघताना हे एकदाही बघितलं नव्हतं.

आणि साठाव्या मिनिटानंतर मी जवळजवळ प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद उशिरा पोचतोय. पहिल्या हाफमध्ये तसं नाही. दमतो, दुसरं काय.

हात अडखळण्याचं मात्र अजून आहे.

झेंडेवाली

ते एका रात्रीत जाणार नाही. पण आता तुम्हाला ठाऊक आहे की शिट्टी मारण्यात गडबड नव्हती, पाठीमागून मारण्यात होती. पुढच्या मॅचला बॉक्समध्ये कुणी पडलं की स्वतःला एकच विचारा, मला फट दिसली का? दिसली तर बिनधास्त फुंका. नाही दिसली तर सहायकाकडे बघा. सहायक नसेल तर सोडा, आणि पुढच्या वेळी बाजूला या.

गोलकीपर किक मारत असताना बेंचशी बोलणं बंद. कोचला काही सांगायचंच असेल तर खेळ थांबलेला असताना सांगा. बॉलकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी मागे सरकायची सवय लावा. आठवड्यातून दोनदा छोट्या-छोट्या धावा सुरू करा, नुसतं एका लयीत लांब पळून शेवटच्या अर्ध्या तासाला उपयोग होत नाही.

३३व्या मिनिटाचं स्वतः शोधलंत ते आवडलं. पुढची मॅच कधी आहे?

शिट्टी_खिशात

शनिवारी. कोचना विचारलंय, ते दुसरा फोन लावायला तयार आहेत. ट्रायपॉड मात्र मीच न्यायचाय.