सल्ला हवा: काळ्या मातीच्या बागेत मॅमिलॅरिया या निवडुंगाला फुले कशी आणावीत?

अंगणवाफा (पुणे):
घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी आणि चिकट आहे. दोन वर्षांपूर्वी मॅमिलॅरियाची तीन लहान रोपे आणून तेथे लावली. त्यांपैकी एक पहिल्याच पावसाळ्यात बुडापासून सडले, दुसरे वर निमुळते होत चालले आहे आणि तिसरे ठणठणीत दिसत असूनही त्याला आजवर एकही फूल आलेले नाही. पाणी मी बारा महिने दर चार दिवसांनी देते. ही रोपे जमिनीतच ठेवावीत की कुंडीत हलवावीत, आणि फूल न येण्याचे कारण काय असावे, हे कृपया सांगावे.

कोरडवाहू (पुणे):
आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर 'बारा महिने' या दोन शब्दांतच आहे. मॅमिलॅरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोतल्या असून त्यांपैकी अनेक चिवावा वाळवंटात वाढतात, जेथे बराचसा पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा गार व कोरडा जातो. त्या कोरड्या विश्रांतीनंतरच वसंतात कळ्या धरतात. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. रोप थोडे आक्रसेल, पण त्याने घाबरून जाऊ नये. पुढे शेंड्याभोवतीच्या लोकरीसारख्या लवेत कळ्यांचे बारीक ठिपके दिसू लागले की पाणी हळूहळू सुरू करावे. आणखी एक गोष्ट अशी की, फुले गेल्या हंगामात वाढलेल्या गाठींच्या (अंगावरील उंचवट्यांच्या) बेचक्यांतून येतात आणि म्हणूनच ती डोक्याभोवती कडे करून उमलतात; त्यामुळे यंदाची वाढ उन्हाअभावी खुरटली, तर पुढच्या वर्षीचे कडेही हुकते. आपले निमुळते रोप ऊन कमी पडत असल्याचेच सांगते आहे. मात्र त्याला एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नये, साल करपते. दोनतीन आठवड्यांत सवय लावावी.

काळ्या मातीत थेट लावण्याचा नाद सोडावा, आणि खड्डा खणून त्यात रेती भरण्याचाही, कारण असा खड्डा पावसात विहिरीसारखा भरतो. जमिनीवर सव्वा फूट उंचीचा विटांचा वाफा बांधून तळाशी विटांचे तुकडे घालावेत आणि वर निम्म्याहून अधिक जाड रेती व विटांची भरड, उरलेल्यात माती आणि पूर्ण कुजलेले खत असे मिश्रण भरावे. भरड चाळून तिची धूळ काढून टाकावी. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण टाळतात आणि मग निचरा होत नाही. जून ते सप्टेंबर वाफ्यावर पारदर्शक पत्रा तिरका बसवावा, बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात.

जांभा (रत्नागिरी):
आमच्याकडच्या पावसात जमिनीतली लागवड मला कधीच साधली नाही. कुंड्या पागोळीच्या आत, पूर्वेच्या भिंतीशी ठेवतो. नव्याने घेणार असाल, तर मॅमिलॅरिया प्रोलिफेरा ही जात घ्यावी. ती क्युबा आणि हिस्पॅनियोला बेटांवरही आढळते, त्यामुळे दमट हवा तिला तितकी बाधत नाही. फिकट पिवळी फुले लहानच असतात, पण नंतर येणारी लाल फळे बराच काळ टिकतात. रेबुशिया (निवडुंगाचीच दुसरी प्रजाती) मात्र घेऊ नये. ती बोलिव्हिया आणि अर्जेंटिनातल्या डोंगरांवरची असल्याने गार हिवाळ्याशिवाय फुलत नाही.

अंगणवाफा:
मनःपूर्वक आभार. एक कबुली देते: तिसरे रोप विकत घेतले तेव्हा त्यावर जांभळे फूल होते, आणि ते दोन वर्षे तसेच आहे.

कोरडवाहू:
ते रोपाचे स्वतःचे फूल नव्हे, तर गरम गोंदाने चिकटवलेले वाळके, रंगवलेले फूल आहे. ओढून काढू नये, शेंड्याची साल निघून येते. देठ कात्रीने कापून टाकावा आणि गोंदाचा थेंब तसाच राहू द्यावा. नवी वाढ झाली की तो आपोआप कडेला सरकतो. गोंदाखाली पिठ्या ढेकूण लपलेला नाही ना, एवढे भिंगातून पाहून घ्यावे.